‘मॅडम, त्यातला पी सायलेंट असतो’

एका वाचक शिक्षिकेचं पत्र, थोडक्यात: त्या पंधरा वर्षं वरच्या वर्गांना जीवशास्त्र शिकवतात. शाळा मराठीतून झाली, पुढचं शिक्षण इंग्रजीतून. पण ते बहुतेक वाचून, कानावर फारसं काही पडलं नाही. महिन्यापूर्वी पेशीमृत्यूचा धडा चालू असताना एका विद्यार्थ्याने सांगितलं, “मॅडम, ॲपॉप्टोसिसमधला दुसरा पी सायलेंट असतो.” पुढच्या आठवड्यात त्यानेच देहगुहेच्या इंग्रजी शब्दाला ‘कोएलोम’ नव्हे, ‘सीलोम’ अशी दुरुस्ती केली आणि फोनवरून तो शब्द अख्ख्या वर्गाला ऐकवला. वर्ग हसला. तेव्हापासून अवघड शब्द आला की त्या तो तोंडाने म्हणत नाहीत, फळ्यावर लिहितात आणि पुढे जातात. त्या विचारतात: “पंधरा वर्षं मी मुलांना चुकीचं शिकवत आले. आता एवढे शब्द नव्याने कसे शिकायचे? वर्गात कबूल करावं की गुपचूप सुधारावं? की सरळ मराठी संज्ञांवरच भागवावं?” सोबत नडणाऱ्या शब्दांची यादी आहे. आणि ताजा कलम: वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीशी कवकांना ‘फंगाय’ म्हणायचं की ‘फंजाय’ यावरून पैज लागली आहे, तिचाही निकाल हवा आहे.

नमस्कार मॅडम,

पैजेचा निकाल शेवटी. आधी त्या मुलाचा. त्याने दोन दुरुस्त्या केल्या. सीलोमच्या बाबतीत तो पूर्ण बरोबर आहे. ॲपॉप्टोसिसच्या बाबतीत त्याच्याकडे अर्धी गोष्ट आहे, आणि उरलेली अर्धी जास्त मजेची आहे.

हा शब्द पेशीशास्त्रात १९७२ साली आला. केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये एक निबंध लिहिला. पेशी इजा होऊन फुटून मरते ते वेगळं आणि ठरल्यासारखी, आवराआवर करत मरते ते वेगळं, हे त्यांना दाखवायचं होतं. या दुसऱ्या मरणाला नाव हवं होतं. ॲबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी ते सुचवलं. झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणं, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. लेखकांनी तळटीप देऊन उच्चारही सांगून टाकला: जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘टो’वर, आणि उत्तरार्ध ‘टोसिस’ असा, पी न उच्चारता. का? तर वरची पापणी ओघळते त्या विकाराला डॉक्टर आधीपासून ‘टोसिस’ म्हणतात, त्याच्याही स्पेलिंगमध्ये पी आहे आणि तोही मुकाच, आणि दोन्ही शब्द ‘पडणे’ या एकाच धातूतून निघालेले.

शब्द रूढ करणाऱ्यांनीच उच्चार लिहून ठेवलाय, असं भाग्य फार थोड्या संज्ञांच्या वाट्याला येतं. तरी झालं काय? जोराचं लोकांनी ऐकलं, पीचं सगळ्यांनी नाही ऐकलं. आज या विषयातले लोक दोन्ही उच्चार करतात आणि शब्दकोशही दोन्ही देतात. म्हणजे तुम्ही पी म्हणत होता ती चूक नव्हतीच. मुलगा सांगत होता ती शब्दकर्त्यांची इच्छा होती.

ती इच्छा सगळ्यांनी का पाळली नाही, यात तुमच्या निम्म्या यादीचं उत्तर आहे. शब्दाच्या सुरुवातीला प्त, प्स, प्न, क्न, क्त, ग्न अशी जोडाक्षरं इंग्रजी जिभेला पेलत नाहीत. ग्रीकांना पेलत होती. जर्मन आणि फ्रेंच माणूस आजही सायकॉलॉजीच्या त्याच्या शब्दात सुरुवातीचा ‘प्स’ व्यवस्थित म्हणतो. इंग्रजी बोलणारा मात्र पहिलं व्यंजन लिहितो आणि गिळतो. म्हणून टेरिडोफायटा, स्यूडोपोडिया, न्यूमॅटोफोर, नायडेरिया, टिनॉफरा, नीटम. पण हीच जोडी शब्दाच्या मध्ये आली की एक व्यंजन मागच्या अक्षराला चिकटतं, दुसरं पुढच्या, आणि दोन्ही सुखाने ऐकू येतात. ‘टेरिडोफायटा’तला पी मुका, ‘लेपिडॉप्टेरा’तला बोलका. हेलिकॉप्टर हा शब्द आपण ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडतो, पण त्याचा खरा सांधा ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ यांच्यामध्ये आहे: मळसूत्र आणि पंख. त्या पंखाचा पी तिथे बोलतो आणि टेरोडॅक्टिलच्या सुरुवातीला गप्प बसतो.

तुमच्या वर्गातलंच उदाहरण हवं असेल तर जबडे घ्या. जबडे नसलेल्या कशेरुकींचा गट ॲग्नाथा, जबडे असलेल्यांचा नॅथोस्टोमाटा. जबड्याचा ग्रीक शब्द ‘ग्नाथोस’ तोच दोन्हीकडे आहे. पहिल्यात नकाराचा ‘अ’ पुढे उभा राहिला म्हणून जी वाचला. दुसऱ्यात तो तोंडाशी होता, गिळला गेला. मी शिकवत असते तर हे दोन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले असते आणि बाकी काही बोलले नसते. मुलांनाच शोधू दिलं असतं.

ॲपॉप्टोसिसमध्ये पी आणि टी मधोमध आहेत. तिथे जीभ अडत नाही, म्हणून लोक तळटीपेला जुमानत नाहीत.

हे आपल्याला नवं नाही. ज्ञान हा शब्द आपण ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदी बोलणारे ‘ग्यान’ म्हणतात, आणि ज्ञ ज्यापासून झाला त्या ज आणि ञ यांचा उच्चार दोघंही करत नाहीत. त्याचा ग्रीक भाऊ ‘ग्नोसिस’, जो डायग्नोसिसमध्ये जीसकट ऐकू येतो. इंग्रजी भाऊ ‘नो’, म्हणजे जाणणे, ज्याचा के फक्त लिहिण्यापुरता उरलाय. सगळे एकाच धातूचे. यात कोण चुकलं ते मला सांगा.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. “पंधरा वर्षं मी मुलांना चुकीचं शिकवत आले.” तुम्ही कोएलोम म्हणालात तेव्हा अर्थ काय सांगितलात? आतडं आणि शरीरभित्ती यांच्यामधली, मध्यस्तराचं अस्तर असलेली पोकळी. गोलकृमीत ती खोटी का धरतात आणि गांडुळात खरी का, हेही सांगितलं असणार. आकृती काढली असणार, तीन रंगांत. यातलं काय चुकलं? एका शब्दाचा आवाज चुकला. तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांना देहगुहा कळली असेल, तर तिचा आवाज त्यांना पुढे कुणीही पाच सेकंदांत सांगेल. उलटं असतं तर मला काळजी वाटली असती.

दुसरं एक गृहीतक तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून दिसतं: इंग्रजीतून वाढलेल्यांना हे आपोआप येतं. नाही येत. हे शब्द ग्रीक आणि लॅटिनचे. इंग्रजी घरात कुणी जेवताना सीलोम म्हणत नाही. त्या मुलालाही तो फोनवर ऐकावा लागला, हे विसरू नका.

माझीही एक गोष्ट सांगून टाकते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी पूर्ण वेळ ‘सिसिलियन’ प्राण्यांबद्दल ऐकत होते. पाय नसलेले, जमिनीत बिळं करणारे उभयचर. वहीत मी नीट लिहून घेतलं: ‘सिसिली बेटावरचे उभयचर, गांडुळासारखे दिसतात.’ शेवटी प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं की हे त्या बेटाबाहेर कुठे सापडतात का. वक्ते बिचारे गोंधळले. त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला, सीएईपासून सुरू होणारा, आणि मला कळलं की हा शब्द मी छापलेला शंभरदा पाहिलाय. मनातल्या मनात त्याला ‘कायसिलियन’ म्हणत आलेय, म्हणून ऐकताना ओळखलाच नाही. लॅटिन ‘कैकस’ म्हणजे आंधळा. त्यांचे डोळे त्वचेखाली झाकलेले, बारीक असतात. आणि जी आतड्याची पिशवी एका टोकाला बंद, म्हणजे ‘आंधळी’ असते ती सीकम, तीही याच शब्दातून. त्या दिवशी एका लाजेच्या बदल्यात दोन शब्द पदरात पडले.

सीकम, सीलोम, सिसिलियन यांत एकच नियम आहे. तो तुम्हाला आधीच येतो, कारण मराठी येते.

‘आमचा’ आणि ‘आमची’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. अक्षर तेच, च. पण ‘आमचा’तला च दातांशी आणि ‘आमची’तला टाळूला. ‘माझा’ आणि ‘माझी’, तेच. ‘चोर’ आणि ‘चिमणी’, तेच. इ, ई, ए आले की च, ज आणि झ टाळूकडे सरकतात. हे शाळेत कुणी शिकवत नाही आणि लहान मूलही चुकत नाही. लॅटिनमधल्या सी आणि जी यांचं पुढच्या काळात हेच झालं. पुढे ए, ओ, यू यांपैकी रोमन अक्षर असेल तर क आणि ग. पुढे ई, आय, वाय असेल तर सी मऊ पडून स होतो आणि जी बहुधा ज होतो. एई आणि ओई ही जोडस्वरं इंग्रजीत ‘ई’सारखी वाचली जातात, म्हणून त्यांच्यापुढेही तेच. सीलोमच्या स्पेलिंगमध्ये सीनंतर ओ दिसतो आणि आपण ‘को’ म्हणून मोकळे होतो. पण तो ओ एकटा नाही, पाठीला ई आहे. अमेरिकन स्पेलिंग बघायची सवय लावा, तिथे असला जादा ओ किंवा ए बऱ्याचदा गाळलेला असतो. सीकम, ईसोफेगस, हिमोग्लोबिन यांची अमेरिकन रूपं वाचलीत की उच्चार उघडा पडतो.

सीएच मात्र या नियमात बसत नाही. ग्रीकमधून आलेला सीएच म्हणजे जवळजवळ नेहमी क. क्लोरोफिल आणि क्रोमोसोम आपण बिनचूक म्हणतो आणि त्याच दमात कीटकांच्या कवचातल्या द्रव्याला ‘चिटिन’ म्हणतो. कायटिन. ‘न्यूडिब्रांच’ नाही, न्यूडिब्रँक. त्यातला ‘ब्रँक’ म्हणजे कल्ले. उघड्या कल्ल्यांची ती सागरी गोगलगाय. फांदीच्या इंग्रजी शब्दाशी तिचा संबंध नाही. हा शब्द एकदा अर्थासकट कळला की ‘ब्रांच’ म्हणणं जमणारच नाही, आणि मला जे सांगायचंय ते हेच आहे: शब्द सांध्यावर तोडा. उच्चाराची निम्मी चूक चुकीच्या जागी तोडल्याने होते.

तुमच्या यादीतला ‘ऊथेका’ घ्या. झुरळाची किंवा प्रार्थनाकीटकाची अंड्यांची पिशवी. दोन ओ शेजारी दिसले की इंग्रजी वाचणारा डोळा ‘ऊ’ म्हणतो. पण हे ओ दोन वेगळे आहेत: ‘ओऑन’ म्हणजे अंडं, ‘थीकी’ म्हणजे पेटी. म्हणून ओ-अ-थीका. ओ-अ-साइट, ओ-अ-जेनेसिस यांचंही तेच. प्राणी या अर्थाचा ‘झोऑन’ही असाच, म्हणून काटेकोर माणसं झोऑलॉजी म्हणतात. पण झूलॉजी म्हणणाऱ्यांना धरून बसू नका, तो उच्चार घराघरात रुळलाय.

हे तोडकाम करताना मराठी आणि संस्कृतचा आधार आहे, आणि तो इंग्रजीतून वाढलेल्या मुलांना नाही. ‘पोडिया’ म्हणजे पाद. स्यूडोपोडियाला आपण छद्मपाद म्हणतो ते अक्षरशः तेच. ‘ओडोन्ट’ म्हणजे दंत, ‘मेसो’ म्हणजे मध्य, ‘हेप्टा’ म्हणजे सप्त, ‘फोर’ म्हणजे धारण करणारा, आपल्या भृ धातूचा चुलतभाऊ. पंखाचा ‘प्टेरॉन’ आणि आपलं पत्र एकाच मुळातले. संस्कृतात पत्र म्हणजे पंखही आणि पानही. ते मूळ म्हणजे पत्, उडणे आणि पडणे दोन्ही. पतंग त्यातून, पतन त्यातून, आणि पापणीचा टोसिसही त्यातून. तो गिळलेला पी आपल्या पतनात शाबूत आहे.

एक सावधगिरी. ही नाती जुळवताना हात सैल सोडू नका. सीलोमचं मूळ ‘कोइलोस’, पोकळ. वर्गात कुणीतरी नक्की म्हणेल, “मॅडम, म्हणजे आपलं खोल!” लक्षात ठेवायला छान आहे, ठेवू द्या. पण व्युत्पत्ती म्हणून सांगू नका. तो निव्वळ आवाजाचा योगायोग आहे.

आता जोर. देवनागरीत उच्चार लिहून ठेवणं ही उत्तम सवय आहे, पण देवनागरी जोर दाखवत नाही, आणि इंग्रजी शब्द ओळखू येतो तो बराचसा जोरावरून. फोटोग्राफ आणि फटॉग्रफर म्हणून बघा. शब्द वाढला, जोर सरकला आणि त्याबरोबर स्वरही बदलले. लांब ग्रीक जोडशब्दांत जोर बहुतेक वेळा शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो. म्हणून ड्रोसोफिला नाही, ड्रो-सॉ-फिला: दवावर प्रेम करणारी माशी. हायड्रॉलिसिस, होमॉलॉगस, टिनॉफरा. ‘ओसिस’वाले शब्द वेगळे चालतात, तिथे जोर त्या ‘ओ’वरच: मायटोसिस, मायओसिस. वहीत जोराच्या अक्षराखाली एक रेघ मारा. तेवढं पुरतं.

माणसांच्या नावांवरून आलेल्या संज्ञांना वरचं काही लागू नाही, तिथे ते गृहस्थ कुठले हे बघावं लागतं. गॉल्जी आणि मालपिगी ही जोडी मला फार आवडते. दोघं इटालियन शास्त्रज्ञ. इटालियनमध्ये जी-आय म्हणजे ‘जि’, आणि मध्ये एच घातला की ‘गि’. म्हणून कामिल्लो गॉल्जी यांच्या नावात ज आणि मार्चेल्लो मालपिगी यांच्या नावात ग. आपल्याकडे ‘गोल्गी’ सर्रास ऐकू येतं. ते सुधारा, पण दुसऱ्याला वर्गात टोकू नका. आणि हा नियमही कायमचा नाही: जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स यांच्या नावाचं फूल इंग्रजीत फ्यूशा झालं आणि फुक्स त्यात कुठे उरलेच नाहीत.

अधिकृत उच्चार कुणी ठरवतं का, असं तुम्ही पत्रात ओझरतं विचारलंय. नाही. प्राण्यांची आणि वनस्पतींची शास्त्रीय नावं ठेवण्याचे आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह आहेत. कुठलं नाव आधीचं, स्पेलिंग काय, हे ते ठरवतात. उच्चारावर हुकूमत नाही. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या काळापासून ही लॅटिन लिहिण्याची भाषा होती, आणि प्रत्येक देशाचा विद्वान ती आपापल्या तोंडाने वाचत होता. वनस्पतिशास्त्रातल्या लॅटिनचे मोठे जाणकार विल्यम स्टर्न यांचंही मत असंच होतं की कानाला बरं वाटावं आणि समोरच्याला कळावं, उच्चाराकडून याहून जास्त मागू नये.

तरी काही ठिकाणी मी हट्टी आहे. दोन शब्द एकमेकांत मिसळून अर्थाचा घात होणार असेल, तिथे उच्चाराकडे लक्ष द्यायलाच हवं. मेंदूकडे संदेश नेणारा चेतातंतू ॲफेरंट, मेंदूकडून बाहेर नेणारा इफेरंट. घाईत दोन्ही सारखेच ऐकू येतात. म्हणून शिकवणारे बरेच जण मुद्दाम पहिलं अक्षर वेगळं काढून ‘ए-फेरंट’ आणि ‘ई-फेरंट’ म्हणतात. शब्दकोशाच्या दृष्टीने हा उच्चार बेढब आहे, पण वर्गाच्या दृष्टीने उत्तम. काही जोड्यांत तर शुद्ध उच्चारही वाचवत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग इलियम आणि कंबरेच्या हाडाचा वरचा पसरट भाग, तोही इलियम. फरक फक्त मधल्या ई आणि आयचा. अर्धसूत्री विभाजनाचा मायओसिस आणि डोळ्याची बाहुली आकुंचन पावण्याचा मायओसिस, तिथेही आवाज एकच. अशा शब्दांपाशी थांबून स्पेलिंग सांगा. एरवी फळ्याआड लपायला तुम्ही जी युक्ती करता, ती इथे खरोखर उपयोगाची आहे.

मराठी संज्ञांवर भागवावं का? त्या वापरा, भरपूर वापरा, पण लपायला नको. त्या फार कुशलतेने घडवल्या आहेत. शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी १८९८ साली पेशीतल्या एका भागाला मायटोकॉन्ड्रियन हे नाव दिलं. ‘मिटोस’ म्हणजे धागा, ‘कॉन्ड्रिऑन’ म्हणजे बारीक कण. मराठीत तंतुकणिका. एक तुकडा सांडला नाही. तोच धागा मायटोसिसमध्ये, म्हणून सूत्री विभाजन. एकायनोडर्माटा म्हणजे कंटकचर्मी, आर्थ्रोपोडा म्हणजे संधिपाद. मराठी संज्ञा म्हणजे त्या ग्रीक शब्दाचा उघडून ठेवलेला अर्थ. पण मुलांना उद्या तोंडी परीक्षेत, प्रयोगशाळेत, व्याख्यानात हे शब्द इंग्रजी आवाजात ओळखावे लागणार आहेत. नाहीतर तीही माझ्यासारखी सिसिलीला जाऊन पोचतील. तेव्हा फळ्यावर इंग्रजी स्पेलिंग, त्याखाली सांध्यावर तोडलेले तुकडे आणि मराठी अर्थ, शेवटी देवनागरीत उच्चार. आणि मग तो मोठ्याने म्हणा. न म्हणता पुढे जाऊ नका. तुम्ही टाळलेला प्रत्येक शब्द मुलंही टाळायला शिकतील, तुमच्यासारखीच.

शिकायचं कसं, तर सगळी यादी एकदम नाही. पुढच्या आठवड्याच्या धड्यात येणारे चार-पाच शब्द आदल्या रात्री बघा. फोन वापरा, पण आवाज कुठला आहे ते तपासा. चांगल्या शब्दकोशात माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज असतो, शेजारी उच्चारचिन्हं असतात, आणि पर्याय असतील तर तेही दिलेले असतात. भाषांतराची साधनं किंवा उच्चार शिकवणारे बरेचसे व्हिडिओ यंत्राच्या आवाजात असतात; अनोळखी शब्दाला ते यंत्रही स्पेलिंगवरून अंदाज बांधतं, तुम्ही-आम्ही बांधतो तसाच, फक्त ठाम आवाजात. दोन शब्दकोश जुळले तर झालं. जुळले नाहीत तर समजा की दोन्ही चालतात, आणि जिभेला सोपा पडेल तो घ्या.

आणि कबुली. गुपचूप सुधारू नका, मुलांना कळतंच. पण माफीनामाही नको. पुढच्या तासाला वर्गात शिरल्यावर एवढंच म्हणा: “मागच्या वेळी सीलोम सांगितलंस, ते बरोबर होतं. मी वाचून शिकले, म्हणून कोएलोम म्हणत होते. आता तो सीलोम का, ते बघू.” आणि ‘आमचा-आमची’ फळ्यावर लिहा. दहा मिनिटं लागतील. नंतर त्याच मुलाला ॲपॉप्टोसिसची तळटीप सांगा आणि विचारा, लेखकांनी सांगूनही लोक पी का म्हणतात? सूड म्हणून विचारू नका. त्याला अर्धी गोष्ट सापडली होती, उरलेली शोधायचा मान त्याला द्या. पुढच्या अनोळखी शब्दाला वर्ग हसायच्या आधी त्याच्याकडे बघेल, आणि मग त्याला कळेल की तिथे उभं राहणं काय असतं.

यादीतले उरलेले शब्द भराभर. एक्डिसिस, जोर पहिल्या अक्षरावर: कात टाकणं. ऑलिगोकीटा, सीएचचा क: थोडे केस असलेले, गांडुळांचा गट. केलिसरी: कोळ्याच्या तोंडापुढची नखरासारखी उपांगं. झो-अ-झँथेली: पोवळ्यांच्या आत राहणारी शेवाळं, प्राणी, पिवळा आणि छोटा असे तीन तुकडे, आणि एक्सचा उच्चार झ, झायलेमसारखा. थिरॅप्टेरा, हा तुम्ही अधोरेखित केलाय आणि दोन प्रश्नचिन्हं दिलीत. उवांचा गट. सुरुवातीचे पी आणि एच गेले, पण मधला पी वाचला: ‘फ्थिर’ म्हणजे ऊ, ‘ॲप्टेरा’ म्हणजे पंखहीन. एवढ्याशा किड्याला एवढं स्पेलिंग.

राहिली पैज. लॅटिन अनेकवचनाची शेपटी इंग्रजीत दोन प्रकारे वाचली जाते आणि सगळा घोळ तिथे आहे. जुन्या इंग्रजी रिवाजात शेवटचा आय म्हणजे ‘आय’ आणि एई म्हणजे ‘ई’: न्यूक्लिआय, लार्व्ही. प्राचीन लॅटिनचा उच्चार जे पाळतात, त्यांच्याकडे बरोबर उलटं: आय म्हणजे ‘ई’, एई म्हणजे ‘आय’. त्यामुळे शेवाळांना एक जण ॲल्जी म्हणतो, दुसरा ॲल्गाय, आणि दोघांना वाटतं समोरचा अडाणी आहे. तुमच्या शब्दात त्यात जीचा ग की ज हाही वाद मिसळला. इंग्रजी शब्दकोशांत फंगाय आहे, फंजाय आहे, फंगी आहे आणि फंजीसुद्धा आहे. पैजेची रक्कम दोघी मिळून खर्च करा.

तुमची,
सदरलेखिका